इलारिओच्या हातचं माप

प्रोटॉन बदलत चालला होता. निदान कोझिमाच्या कागदावर तरी तसंच दिसत होतं.

कोझिमाने तो कागद ओर्नेलाच्या टेबलावर ठेवला आणि ती न बसता उभीच राहिली. बारी शहरातून दोन वर्षांपूर्वी आलेली ही तरुण संशोधक आकडेमोडीत पक्की आणि बोलायला फटकळ, पण आज तिने नुसतं कागदावर बोट ठेवलं. तीन वर्षांत नऊ वेळा प्रयोग झाला होता. नऊ टिंबं एका आडव्या रेषेत यायला हवी होती. पहिली दोन जागेवर होती आणि पुढची एकेक करत हळूहळू वर सरकली होती.

विश्व जन्मल्यापासून प्रोटॉन आहे तसाच आहे. तो रोमच्या दक्षिणेकडच्या टेकडीवर, ओर्नेलाच्या प्रयोगशाळेत येऊन तीन वर्षांत बदलेल, हे काही तिला पटणारं नव्हतं. म्हणजे चूक आपलीच. पुढच्या गुरुवारी बैठक होती. प्राग आणि बॉनची भागीदार मंडळी पडद्यावर येणार होती, आणि दुसऱ्याची चूक सापडली की ज्याला जेवण गोड लागतं असा एकजण तरी त्यांच्यात असणारच होता.

ओर्नेलाचं सगळं आयुष्य एका प्रश्नापायी गेलं होतं. प्रोटॉनला स्वतःची एक फिरकी असते. त्याच्या पोटात क्वार्क असतात, तेव्हा ही फिरकी त्यांचीच असणार असं सगळे धरून चालले होते. मोजून पाहिलं तर क्वार्कांच्या वाट्याला जेमतेम तिसरा हिस्सा आला. उरलेली फिरकी कुठून येते, हे शोधता शोधता ओर्नेलाचे केस पिकले, एक लग्न मोडलं, तरी त्या प्रश्नाचा तिला कधी कंटाळा आला नाही.

शोधायची रीत सांगायला सोपी आहे. अमोनिया गोठवून त्याचे साबुदाण्याएवढे दाणे करायचे. किरणांच्या माऱ्याखाली ठेवले की ते जांभळे होतात. मग ते एका इवल्याशा वाटीत भरून, कडाक्याच्या थंडीत, मोठ्या चुंबकाच्या पोटात ठेवले की त्यांतले प्रोटॉन एका दिशेला तोंड करून उभे राहतात. त्यांच्यावर इलेक्ट्रॉन सोडायचे आणि ते कसे उडतात ते मोजायचं. करायला मात्र महाकठीण. दाणे जरा उबले की जांभळा रंग उडतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून ते द्रवरूप नायट्रोजनच्या परातीत भरावे लागतात. एका हातात लांब चिमटा, चिमट्यात वाटी, दुसऱ्या हातात चमचा, आणि न सांडता, न रेंगाळता काम उरकायचं. एकतीस वर्षं हे काम एकटा इलारिओ करत होता.

इलारिओ तंत्रज्ञ. वय सदुसष्ट, मान ताठ, जीभ तिखट. ओर्नेला बावीस वर्षांची विद्यार्थिनी म्हणून आली तेव्हा चिमटा कसा धरायचा हे तिला त्यानेच शिकवलं होतं, आणि ती प्रोफेसर झाल्या दिवसापासून तो तिला ‘प्रोफेसरीणबाई’ म्हणून चिडवत होता. डिसेंबरअखेर तो निवृत्त होणार होता. त्याआधी एकच, दहावी वाटी भरायची राहिली होती. ती आपल्याच हातची व्हावी, एवढंच त्याचं मागणं होतं. निरोपाची मेजवानी नको, घड्याळ नको, भाषण तर मुळीच नको, असं त्याने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

कोझिमाचा कागद पुन्हा पुन्हा पाहताना ओर्नेलाची नजर फळ्याकडे गेली. वाटी दाण्यांनी काठोकाठ भरली तरी दाण्यांच्या मध्ये पोकळी उरतेच. शंभरातला किती भाग दाण्यांचा, हा आकडा गणितात लागतो. पहिल्या वर्षी तो काढला होता: पंचावन्न. पुन्हा काढायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. दाणे तेच, चाळणी तीच, वाटी तीच आणि भरणारा इलारिओ. फळ्याच्या कोपऱ्यात कोणीतरी ‘इलारिओ = ५५’ असं लिहिलं होतं आणि तीन वर्षांत ते कोणी पुसलं नव्हतं. माणसाचा हात आहे, तो काही लोखंडाचं वजन नव्हे, एवढी साधी गोष्ट इतक्या शिकलेल्या लोकांच्या ध्यानात आली नाही.

तिने कोझिमाला सांगितलं, पंचावन्न विसर, प्रत्येक खेपेच्या वाटीचा आकडा वेगळा काढ. किती इलेक्ट्रॉन आदळून परतले यावरून वाटी किती भरलेली होती हे मागाहूनही कळतं. किचकट काम म्हणून ते कोणी केलं नव्हतं, इतकंच. कोझिमाने दोन दिवस मान वर केली नाही. शुक्रवारी दुपारी ती धावतच आली. पंचावन्न, पंचावन्न, छप्पन्न, सत्तावन्न, सत्तावन्न, एकोणसाठ, साठ, साठ, एकसष्ट. हे आकडे घातले की नऊच्या नऊ टिंबं रेषेवर शहाण्यासारखी बसत होती.

प्रोटॉन निर्दोष सुटला होता. कोझिमाने ओर्नेलाला मिठी मारली. पण ओर्नेलाचा चेहरा काही खुलला नाही. वाटी जास्त भरायला लागली, ठीक, पण का? कारण न सांगता आकडे बदलले तर लोक म्हणणार की रेष सरळ यावी म्हणून यांनी आकडे वाकवले, आणि त्यांचं म्हणणं बरोबरच असेल. कारण सापडलं नाही तर तीन वर्षांचं काम टाकून द्यावं लागणार होतं, आणि त्यात कोझिमाची उमेदीची दोन वर्षं होती.

इलारिओ शुक्रवारी लवकर घरी जाई. ओर्नेला त्याच्या खोलीत गेली. चाळणी मोजली, तीच. वाटी मोजली, तीच. दाणे भिंगाखाली पाहिले, तेवढेच. मग तिने त्याची वही उघडली. प्रत्येक खेपेला एक पान: तारीख, वाटीचा क्रमांक, भरणाऱ्याचं नाव आणि शेवटी ‘शेरा’. पहिल्या पानावर इलारिओचं टपोरं अक्षर होतं, दुकानाच्या पाटीसारखं. ती पानं उलटत गेली. नवव्या पानावर तिला चष्मा पुसावा लागला. अक्षर तेच, वळण तेच, पण मुंगीएवढं झालेलं. शेऱ्याची जागा सगळीकडे कोरी.

असं अक्षर तिने पूर्वी पाहिलं होतं. तिच्या वडिलांच्या बाजाराच्या याद्या अशाच आकसत गेल्या होत्या. शेवटी ‘दूध’ वाचायला खिडकीशी जावं लागे. डॉक्टरांनी हात थरथरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं ते नंतर, अक्षराने आधी सांगितलं होतं.

मग बाकीचं आपोआप आठवत गेलं. रोज दहा वाजता इलारिओ खालून दोन हातांत दोन कॉफ्या घेऊन यायचा, थेंब न सांडता. गेलं दीड वर्ष तो म्हणत होता, तूच ये की खाली, माझे गुडघे काही तुझ्या पगारावर नाहीत. ती हसून खाली जात होती. बोलताना त्याचा डावा हात आताशा खिशात असायचा, आणि तिला वाटायचं, म्हातारपणी माणूस ऐटीत आलाय.

आणि तिला इल्दे मावशी आठवली. मावशी गावच्या बाजारात कडधान्यं विकायची, मापाने. गिऱ्हाईक नावडतं असलं की माप भरून सपाट करून द्यायची. आवडतं असलं की भरलेलं माप हातात धरून हलके हलके हलवायची. दाणे खाली बसायचे, वर जागा व्हायची, त्यात ती आणखी मूठभर ओतायची. हललेल्या मापात जास्त मावतं. हे ओर्नेलाला सहाव्या वर्षी ठाऊक होतं आणि बावन्नाव्या वर्षी आठवायला तीन वर्षं लागली. ती इलारिओच्या स्टुलावर बसून रडली. आकडे सापडल्याचा आनंद त्यात कुठेच नव्हता.

शनिवारी ती त्याच्या ऑलिव्हच्या बागेत गेली. बाग कसली, तीस झाडं. दर नोव्हेंबरात ऑलिव्ह उतरवायला इलारिओ तिला बोलवायचा. यंदा बोलावलं नव्हतं. झाडांखाली जाळी पसरून तो एका हाताने लाकडी फणीने फांद्या विंचरत होता.

“तुला कोणी बोलावलं?” तो म्हणाला.

“कोणीच नाही. म्हणून तर आले.”

तिने दुसरी फणी उचलली. दोघं शेजारशेजारच्या फांद्या विंचरू लागली. ऑलिव्ह जाळीवर टपटपत होती. शेवटी तीच म्हणाली, “इलारिओ, तुमची वाटी पंचावन्न भरायची. आता एकसष्ट भरते.”

त्याने फणी थांबवली नाही. “चाळणी बघ.”

“बघितली. वाटीही बघितली. वहीही बघितली.”

वहीचं नाव निघालं तसा तो थांबला. “म्हणजे मला पकडायला आलीस.”

“तुम्हाला विचारायला आले. माझ्या बाबांचं अक्षर असंच झालं होतं.”

 मग त्याने डावा हात खिशातून काढला आणि तिच्यासमोर धरला. हात आपल्याच नादात थरथरत होता. “हा बघ. रिकामा असला की याला नाच सुचतो. फणी दे, चमचा दे, कामाला लावला की गुमान राहतो. पण नुसती वाटी धरून बसायचं म्हणजे याच्या दृष्टीने सुट्टीच.” तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. “आल्बाला माहिताय. रोमच्या डॉक्टरला माहिताय. आता तुला. एक दाणा सांडलेला दाखव मला, ओर्नेला.”

तो तिला एरवी नावाने हाक मारत नसे.

“एकही नाही सांडला,” ती म्हणाली.

“मग एक वाटी राहिलीय. एकच. ती भरू दे मला आणि जाऊ दे.”

ओर्नेलाला ठाऊक होतं की हे कळलं तर सुरक्षा अधिकारी त्याला परातीजवळ उभंही राहू देणार नाही. गुरुवारी कारण सांगायचं आणि दहावी वाटी सोमवारी. जे आयुष्यात कधी तोंडातून निघालं नव्हतं ते तिच्या तोंडून निघून गेलं. ती म्हणाली, “मी सांगते चाळणी झिजली होती म्हणून. बारीक दाणे मिसळले, म्हणून जास्त मावले. कोण तपासायला येतंय?”

इलारिओने फणी खाली ठेवली.

“आणि वहीत काय लिहिशील?”

ती वाकून जाळीवरची ऑलिव्ह गोळा करायला लागली.

“माझ्या वहीत लिहिशील, चाळणी झिजली म्हणून? एकतीस वर्षांत मी तिच्यात एक खोटं अक्षर घातलं नाही. लपवलं, कबूल. शेरा कोरा ठेवला. पण कोरा ठेवला, पोरी. खोटा नाही लिहिला.” मग त्याचा आवाज खाली आला. “तुला मी हेच शिकवलं होय?”

नाही, असं ती पुटपुटली. लहानपणी चोरी पकडल्यावर वाटायची तशी लाज तिला वाटली, आणि त्या लाजेत कुठेतरी मोठा आधारही वाटला. तेवढ्यात त्याच्या बायकोने, आल्बाने, घरातून हाक मारली. शेगडीवर भाजलेला पाव, लसूण आणि आदल्या दिवशीचं ताजं हिरवं तेल. जेवताना इलारिओने दोन्ही हात टेबलावर ठेवले. तेलाची बाटली तो उचलायला गेला, थांबला, आणि ओर्नेलाकडे सरकवत म्हणाला की प्रोफेसरीणबाई, वाढा, काहीतरी कामाच्या ठरा. आल्बाने दोघांकडे पाहिलं आणि उठून आणखी पाव भाजायला गेली. गुरुवारबद्दल तो काही बोलला नाही, तिने विचारलंही नाही.

गुरुवारी ओर्नेला बैठकीला गेली ती खरं सांगायचं ठरवून. फक्त नाव घ्यायचं नाही, ‘भरण्याच्या पद्धतीत बदल’ म्हणायचं आणि पुढचे प्रश्न अंगावर घ्यायचे. कोझिमाने टिंबं दाखवली, नवे आकडे दाखवले. बॉनच्या गृहस्थांनी चष्मा वर केला आणि जो प्रश्न येणार होता तोच विचारला: आकडे छान आहेत, पण वाटी जास्त का भरायला लागली?

ओर्नेलाने तोंड उघडलं आणि दार वाजलं.

इलारिओ आत आला. लग्नकार्याला घालायचा करडा कोट घातला होता. बैठकांना तंत्रज्ञ येत नसत, आणि इलारिओ तर बैठकांना ‘मास’, म्हणजे चर्चमधली रविवारची प्रार्थना म्हणायचा, सारखं उठायचं, बसायचं आणि आमेन म्हणायचं. त्याने खिशातून प्रयोगाची एक जुनी वाटी काढली, दुसऱ्या खिशातून कागदाच्या पुडीत बांधलेली बारीक मसूर. वाटी काठोकाठ भरली, बोटाने सपाट केली आणि कोझिमाला दाखवली. “भरली?” ती हो म्हणाली. मग त्याने सोबत आणलेल्या चिमट्यात वाटी पकडली, चिमटा डाव्या हातात घेतला, कोपर टेबलावर टेकवलं आणि तो नुसता बसून राहिला.

खोलीत आणि पडद्यावर कोणी हललं नाही. फक्त तो हात हलत होता. मसुरीचा बारीक आवाज येत होता. सगळे पाहत असताना मसूर खाली खाली बसत गेली. दोन मिनिटांनी त्याने वाटी कोझिमापुढे ठेवली आणि म्हणाला, “आता मोज.”

कोझिमाने मोजपट्टी लावली. तीन सेंटीमीटरच्या वाटीत तीन मिलिमीटर जागा झाली होती. तिने कागदावर भागाकार केला, पुन्हा केला, आणि डोळे पुसत म्हणाली की पंचावन्नाचे एकसष्ट होतात, बरोबर तेवढेच.

“तीन वर्षं झाली,” इलारिओ पडद्याकडे पाहून म्हणाला. “आधी थोडा, मग जास्त. कारण हवं होतं ना तुम्हाला, हे कारण. प्रोफेसरीणबाईंना शनिवारपर्यंत माहीत नव्हतं.” बॉनच्या गृहस्थांनी चष्मा काढून ठेवला. मला आणखी काही विचारायचं नाही, असं ते म्हणाले, आणि मग खुर्चीतून उठून उभे राहिले. पडद्यावर त्यांचं फक्त पोट दिसत होतं, पण ते उभे राहिले होते हे सगळ्यांना कळलं.

सुरक्षा अधिकाऱ्याने दुसऱ्याच दिवशी लेखी कळवलं. इलारिओने यापुढे दाणे भरायचे नाहीत. अधिकारी माणूस वाईट नव्हता, नियमच तसा होता. ओर्नेलाने तो कागद तीनदा वाचला. कागदात ‘भरायचे नाहीत’ असं होतं. वाटी धरायची नाही, असं कुठे नव्हतं. ती खाली जाऊन अधिकाऱ्याशी तासभर भांडली. शेवटी ठरलं ते असं: इलारिओने बसून वाटी धरायची, कोपरापर्यंत हातमोजे, तोंडावर काच, आणि अधिकारी स्वतः शेजारी उभा.

सोमवारी सकाळी दहाला परात भरली. नायट्रोजनची गार वाफ टेबलावरून खाली ओघळत होती. इलारिओ स्टुलावर बसला, चिमटा डाव्या हातात. समोर ओर्नेला, चमचा घेऊन. तिने हे काम वीस वर्षांत केलं नव्हतं आणि आता हात तिचाच कापायला लागला.

“श्वास सोड,” इलारिओ काचेमागून म्हणाला. “सगळ्यात आधी तेच शिकवलं होतं.”

तिने श्वास सोडला. पहिला चमचा पडला. जांभळे दाणे वाटीत गेले आणि त्याच्या हाताने ते हलके हलके खाली बसवले. दुसरा, तिसरा. ती भरत गेली, तो धरत गेला. वाटी भरली असं तिला वाटलं तेव्हा तो म्हणाला, थांब, अजून मावतंय, आणि खरंच आणखी एक चमचा मावला. इल्दे मावशीबद्दल ती त्याला सांगणार होती, पण तेव्हा बोलायला वेळ नव्हता. झाकण लावलं, वाटी बसवलेली दांडी चुंबकाच्या पोटात उतरली, तापमानाचा काटा जागेवर आला. एकही दाणा सांडला नव्हता. सुरक्षा अधिकाऱ्याने हातमोजा काढून इलारिओच्या खांद्यावर थोपटलं आणि तो कॉफी आणायला निघून गेला.

मग वही. ओर्नेलाने दहावं पान उघडलं आणि पेन्सिलीने, पट्टी लावून, प्रत्येक रकान्यात दोन रुंद रेघा आखल्या, पहिलीतल्या मुलाच्या दुरेघी वहीत असतात तशा. वडिलांच्या डॉक्टरांनी हीच युक्ती सांगितली होती. रेघा दिसल्या की हाताला मोठं लिहायची आठवण राहते.

इलारिओने त्या रेघांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “आता मला बाराखडी शिकवणार?”

“तुम्ही मला चिमटा शिकवला होता. लिहा.”

त्याने पेन घेतलं. वेळ लागला. वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत, एकेक अक्षर टपोरं, पूर्वीसारखं. तारीख लिहिली. ‘भरणारे’ इथे आधी तिचं नाव लिहिलं, मग आपलं. शेऱ्यापाशी तो थांबला. तीन वर्षं तिथे काही लिहिलं नव्हतं. ओर्नेला शेजारी बसून राहिली, घाई केली नाही.

त्याने लिहिलं: हात थरथरतो. वाटी पूर्ण भरली.